तेराव्या वर्षी रिटायर

तुमचं प्रोबेशन किती महिन्यांचं होतं? सहा? केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये आठ-नऊ वर्षांची पोरं प्रोबेशनवर असतात. त्यांना चक्क 'प्रोबेशनर' म्हणतात. आधी ऑडिशन, मग मोठ्या मुलांच्या शेजारी बसून बघत-ऐकत शिकायचं आणि मग कुठे 'कोरिस्टर' हे पद. जागा फक्त १६. राजा सहाव्या हेन्रीने १४४१ मध्ये कॉलेज स्थापलं आणि हा आकडा कॉलेजच्या मूळ नियमांतच घालून दिला. तो आजही तोच आहे. पाचशेहून जास्त वर्षांत हेडकाउंट एकानेही वाढलेला नाही. एचआरवाल्यांनो, ऐकताय ना?

या पोरांचं टाइमटेबल वाचून मला दमायला झालं. शाळा भरायच्या आधी वाद्याची प्रॅक्टिस आणि गाण्याची रिहर्सल. मग इतर मुलांसारखे गणित-भूगोलाचे तास. दुपारनंतर रांगेत चालत चॅपल, पुन्हा रिहर्सल आणि साडेपाचला 'इव्हनसाँग' म्हणजे संध्याकाळची प्रार्थना. टर्म चालू असताना हे जवळपास रोज. राहायचं शाळेच्या बोर्डिंगमध्ये, आई-बाबा लांब. गायची रचना आज इंग्रजी, उद्या लॅटिन, त्यामुळे नोटेशन बघता बघता गाता येणं मस्ट. समोर कधी टुरिस्टांची गर्दी, कधी कडाक्याच्या थंडीत मोजकी डोकी. सूर मात्र दोन्ही दिवशी तितकाच स्वच्छ लागला पाहिजे.

खरी कसोटी २४ डिसेंबरला दुपारी ३ वाजता. नाताळच्या आदल्या दिवशीचा हा कॅरल्सचा सोहळा १९१८ मध्ये सुरू झाला आणि १९२८ मध्ये बीबीसी रेडिओवर गेला. जगभर लाखो लोक तो ऐकतात. सुरुवातीचं पहिलं कडवं एकच मुलगा गातो, एकटा, कुठल्याही वाद्याच्या साथीशिवाय. कोण गाणार? ते कुणालाच माहीत नसतं. तयारी काही जणांची करून घेतलेली असते आणि सुरू व्हायच्या अगदी आधी संगीत संचालक एकाकडे खूण करतात. घाबरायलाही वेळ मिळू नये, असा फंडा.

मला मात्र न निवडलेल्या मुलांचं कौतुक वाटतं. दुसऱ्या कडव्याला त्यांना तोंड उघडायचं असतं, तेही गोड आवाजात. आपण अप्रेझलनंतर किती दिवस तोंड पाडून फिरतो?

आणि मग आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. यात कुणाची चूक नाही. पण ज्या गोष्टीसाठी तुम्हाला निवडलं, तीच तुमच्याकडून काढून घेतली जाते. तेराव्या वर्षाच्या आसपास रिटायरमेंट!

हे वाचताना मी थबकले. दोन वर्षांपूर्वी मी नोकरी करत होते ते मासिक बंद पडलं. शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग, सोमवारी व्हिजिटिंग कार्ड रद्दी. आई फोनवर म्हणाली, "आता काय करणार गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अ‍ॅलिस्टर कुक आठवतो? तो लहानपणी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये कोरिस्टर होता. ते कॉलेजचं चॅपल नव्हे, पण ड्यूटी तशीच. मार्च २००६ मध्ये एकवीस वर्षांचा हा पोरगा नागपूरला पहिली टेस्ट खेळला आणि आपल्या बोलर्सना दमवत त्याने ६० आणि नाबाद १०४ केले. करिअर संपलं तेव्हा टेस्टमध्ये १२,४७२ रन्स. एकाग्रता कॉयरने शिकवली, असं तो स्वतः सांगत आलाय. आवाज गेला, सवय राहिली.

माझंही पद गेलं. पण वाक्य कुठे खटकतंय ते अजून ऐकू येतं, आणि सकाळी ९ ला मी अजूनही लिहायला बसते, कुणी खूण करो न करो. आईला आता तेवढं सांगता येतं.

जाता जाता दोन गोष्टी. केंब्रिजच्याच सेंट जॉन्स कॉलेजने २०२२ मध्ये आपल्या कॉयरचे दरवाजे मुलींनाही उघडले. उशिरा, पण उघडले. आणि तिकडे ऑनसाइट गेलात तर इव्हनसाँगला तिकीट नसतं, आपल्या बजेटमध्ये बसतं. फक्त वेळेवर पोचा. ती पोरं लेट येत नाहीत.