वझीरएक्स प्रकरण : पैसा तुमचा, पण चावी कोणाकडे?

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. रुपयांत जवळपास दोन हजार कोटी. व्यवहार बंद पडले, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले आणि एक्सचेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तोवर ग्राहक अ‍ॅप उघडून नुसता आकडा बघत बसले.

ते वॉलेट काही साधेसुधे नव्हते. सहा जणांच्या चाव्या होत्या, त्यातली एक लिमिनल या बाहेरच्या कंपनीकडे. स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर झाली, असे वझीरएक्सने सांगितले. आमची यंत्रणा फुटली नाही, असे लिमिनलचे म्हणणे. दोघांच्या भांडणात ग्राहक मधल्या मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका आणि दक्षिण कोरियाने या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. पुढच्याच महिन्यात बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेही अशाच फसव्या स्क्रीनमुळे.

म्हणून 'कुठले वॉलेट चांगले?' हा प्रश्न नंतरचा. चावी कोणाकडे, हे आधी विचारा. एक्सचेंजवर ठेवलेले नाणे म्हणजे दुसऱ्याकडे सोपवलेली अमानत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे, असे म्हटले. दिलासा खराच, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली! बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसले काही नाही.

चावी स्वतःकडे हवी तर दोन मार्ग. रोजच्या किरकोळ रकमेला मोबाइलमधले वॉलेट चालते. मोठी रक्कम वर्षानुवर्षे ठेवायची असेल, तर लेजर किंवा ट्रेझरसारखे पेनड्राइव्हएवढे हार्डवेअर वॉलेट घ्यावे. त्यात चावी इंटरनेटपासून दूर राहते. पण ते जुने, वापरलेले किंवा अनोळखी दुकानदाराकडून घेऊ नये. आणि डब्यात शब्द आधीच छापून आले असतील तर सरळ फसवणूक समजा. ते १२ किंवा २४ शब्द यंत्राने तुमच्यासमोर तयार करायचे असतात.

खरी चावी हे शब्दच. यंत्र हरवले तरी शब्दांवरून सगळे परत मिळते, आणि शब्द दुसऱ्याच्या हाती पडले तर यंत्र कपाटात असूनही खाते रिकामे होते. आपल्याकडे लोक काय करतात? फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करतात. तसे नको. कागदावर लिहा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. 'सपोर्ट'वाला म्हणून फोन आला तरी सांगू नका.

आता घरातला प्रश्न. या वॉलेटला नॉमिनी नसतो. मालक अचानक गेला आणि शब्द कोणालाच ठाऊक नसतील, तर बायको-मुलांना वारसा हक्काचा हिस्सा मिळणार कशातून? वाटणीला काही उरतच नाही. कोर्टाचा हुकूम आणला तरी ते नाणे हलत नाही. निदान वॉलेट आहे आणि कागद कुठे आहे, एवढे तरी घरातल्या एका भरवशाच्या माणसाला आजच सांगून ठेवा.