उन्हाचा घसारा

मालाडच्या पश्चिमेस मढच्या कोळीवाड्यात बोंबील सुकविण्याचे काम उघड्यावर चालते. बांबूंच्या वलांड्यांवरील मासळी ज्या उन्हात सुकते, त्याच उन्हात ती घालणारी व काढणारी कोळीण तासन्‌तास उभी असते. उन्हामुळे मासळीचे मोल टिकते. बाईच्या चेहऱ्यावर अकाली उमटणाऱ्या सुरकुत्यांची नोंद मात्र कोणत्याच हिशेबात होत नाही.

त्वचेच्या वार्धक्याचा सारा दोष वयाला देता येत नाही. सूर्यप्रकाशातील दीर्घ लहरींचे अतिनील किरण त्वचेच्या आतल्या थरापर्यंत पोहोचतात आणि तिला बळकटी व लवचिकपणा देणारे कोलॅजेन आणि इलॅस्टिन यांचे तंतू खिळखिळे करतात. खिडकीची काचही त्यांना पुरती अडवीत नाही. २८ वर्षे मालमोटार चालविलेल्या एका अमेरिकन चालकाचे छायाचित्र २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केले. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती. माणूस एकच, वयही एकच. अंतर पडले ते उन्हाने.

आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे या किरणांविरुद्धचे निसर्गदत्त कवच होय. ते अभेद्य नसले तरी मोलाचे आहे. परंतु बाजाराने आपल्याला भीती विकली ती उन्हाची नव्हे, या कवचाच्या रंगाची! १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गळण्यास २०२० साल उजाडावे लागले.

ऊनरोधक मलम नियमित लावल्यास त्वचेचे वार्धक्य मंदावते, हे ऑस्ट्रेलियातील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले आहे. पण घामाने निथळणाऱ्या कष्टकरी स्त्रीने ते दर दोन तासांनी कोणत्या मिळकतीतून लावावे?

यंत्राची झीज भरून काढण्यासाठी कारखानदार घसाऱ्याची तरतूद करतो. रोजंदारीत वा मासळीच्या भावात शरीराच्या झिजेसाठी अशी तरतूद नसते. शिवाय हा प्रश्न केवळ रूपाचा नाही. हेच किरण मोतीबिंदूचा धोकाही वाढवितात. म्हणून वाळवणाच्या जागेलगत सावलीचा मांडव, मासळी बाजारावर छप्पर, भर दुपारी उघड्यावरील कामाला विश्रांती आणि शाळांच्या कवायतीसाठी सकाळची वेळ, एवढ्या गोष्टी सार्वजनिक खर्चातून व थोड्या शहाणपणातून सहज साधता येतील. सावलीला चैन मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे. श्रमणाऱ्यांचे ते थकलेले देणे आहे.