पडद्यावरचे परराष्ट्रकारण

आंतरराष्ट्रीय राजकारणासारखा गंभीर विषय शिकविताना चित्रपटांचा आधार घ्यावा काय, असा प्रश्न प्राध्यापकांच्या बैठकीत निघाला की तत्काळ दोन तट पडतात. एका तटाला त्यात विषयाची विटंबना दिसते. दुसऱ्याला कंटाळलेल्या वर्गावरचा रामबाण उपाय सापडल्याचा आनंद होतो. विद्यार्थी वर्गात पाऊल टाकतो तोच मुळी चित्रपट पाहून, ही गोष्ट दोन्ही तट विसरतात. पाकिस्तान, चीन, अमेरिका यांच्याविषयीच्या त्याच्या कल्पना क्रमिक पुस्तकाचे पहिले पान उघडण्यापूर्वीच घडलेल्या असतात. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन झाले, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी नुकत्याच प्रदर्शित झालेल्या 'उरी'मधील संवाद उच्चारला आणि सभागृहाने त्याला उत्साहाने दाद दिली. परराष्ट्रनीतीवरील कोणत्या व्याख्यानाच्या वाट्याला असे भाग्य येते? तेव्हा चित्रपट वर्गात आणावा की नाही, या वादात आता अर्थ उरलेला नाही. आधीच आलेल्या या साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यावयाची, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी एकाच महिन्याचे उदाहरण पुरेसे आहे. तो महिना म्हणजे ऑक्टोबर १९६२. या महिन्यावर दोन प्रसिद्ध चित्रपट निघाले आहेत. पहिला 'थर्टीन डेज' हा २००० सालचा अमेरिकन चित्रपट. सोव्हिएत युनियनने क्युबात क्षेपणास्त्रे आणल्याचे १६ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना कळले, तेथपासून २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी ती परत नेण्याचे मान्य करीपर्यंतच्या तेरा दिवसांची ही कथा. केनेडी यांच्या बैठकांच्या गुप्त ध्वनिमुद्रणांचे संकलन १९९७ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. त्याचा आधार या चित्रपटाला आहे. लष्करी सल्लागारांचा दबाव, अपुरी माहिती आणि तासातासाने आक्रसत जाणारा अवधी यांच्या कोंडीत राज्यकर्ता निर्णय कसा घेतो, हे इतक्या प्रत्ययकारी रीतीने क्वचितच कोणी दाखविले असेल. तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्त आश्वासन केनेडी यांच्या बंधूंनी सोव्हिएत वकिलाला दिले, हेही त्यात येते. पुढे कित्येक वर्षे अमेरिकन सरकारने ही देवघेव कबूल केली नव्हती.

दोष आहेत. केनेडी यांचे सहायक ओडॉनेल यांना कथेचा नायक केल्याबद्दल त्या वेळचे संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनीच नापसंती दर्शविली होती. पण ते किरकोळ. ख्रुश्चेव्ह या चित्रपटात दिसतच नाहीत, ही उणीव मोठी आहे. त्यांना कशाची भीती वाटत होती, हे प्रेक्षकाला अखेरपर्यंत कळत नाही. अर्थात केनेडी यांनाही ते नीट कळत नव्हते, आणि म्हणून ही उणीवसुद्धा शिकविण्याच्या कामी येते. 'द फॉग ऑफ वॉर' या २००३ च्या माहितीपटात वृद्ध मॅक्नामारा सांगतात, की संकटाच्या वेळीच क्युबात अण्वस्त्रे येऊन पडली होती, हे त्यांना १९९२ साली हवानात समजले. तीस वर्षांनी! हे दोन चित्रपट लागोपाठ दाखविले, की अपुऱ्या माहितीच्या आधारे घेतलेला निर्णय म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा चित्रपट आपला, चेतन आनंद यांचा १९६४ सालचा 'हकीकत'. क्युबाकडे जगाचे डोळे लागलेले असताना २० ऑक्टोबरला चीनने लडाख आणि ईशान्य सीमेवर हल्ला चढविला. लडाखमध्ये लष्कराच्या साहाय्याने चित्रित झालेल्या या चित्रपटाने त्या पराभवाचे दुःख देशापुढे मांडले. यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावून घेतले गेले ते याच युद्धात. त्यामुळे महाराष्ट्राच्या पिढ्यांना तर हा आघात घरचाच वाटत आला. 'हकीकत' आजही पाहणाऱ्याला हलवितो. पण चीन का आला, या प्रश्नाला त्याच्यापाशी विश्वासघात या एका शब्दापलीकडे उत्तर नाही. अक्साई चीनमधून नेलेला आणि १९५७ मध्ये पुरा झालेला रस्ता, १९५९ साली दलाई लामांना दिलेला आश्रय, एप्रिल १९६० मध्ये चौ एन लाय दिल्लीत येऊन रिकाम्या हाताने परतले ती बोलणी, नोव्हेंबर १९६१ पासून पुढे पुढे चौक्या उभारण्याचे आपले धोरण, यांतले त्यात काही नाही. चित्रपटाने ते सांगावे, अशी अपेक्षाही नाही. शोकगीताकडून कोणी करारांची कलमे मागत नाही. मात्र वर्गात याच प्रश्नाचे उत्तर लिहावयास सांगितले, तर बहुसंख्य मुले तो एकच शब्द लिहितात. त्यांचे परराष्ट्रकारण शोकगीतावर संपते.

आता गंमत पाहा. दोन्ही चित्रपट एकाच महिन्याचे, पण एकाच्या कथेत दुसऱ्याचा मागमूस नाही. वस्तुतः दोन्ही संकटांचे धागे एकमेकांत गुंतलेले होते. अमेरिकेशी सामना उभा ठाकताच ख्रुश्चेव्ह यांना चीनच्या पाठिंब्याची गरज भासली, आणि भारताचा स्नेही म्हणविणाऱ्या सोव्हिएत पक्षाच्या 'प्रावदा'ने २५ ऑक्टोबरला सीमाप्रश्नावर चीनची बाजू उचलून धरली. क्युबाचे संकट निवळल्यावर तो सूर बदलला. तिकडे वॉशिंग्टन क्युबात गढलेले असल्याने दिल्लीतील अमेरिकन राजदूत गॅलब्रेथ यांना महत्त्वाचे निर्णय बव्हंशी स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागले. मॅकमोहन रेषेला अमेरिकेची जाहीर मान्यता त्यांनीच मिळवून दिली. ऑक्टोबर १९६२ ची एक दिनदर्शिका फळ्यावर आखावी, डावीकडे क्युबा आणि उजवीकडे लडाख लिहावे, आणि मग दोन्ही चित्रपटांतील वीस-वीस मिनिटांचे भाग दाखवावेत. प्रत्येक चित्रपट एकाच राजधानीच्या खिडकीतून पाहतो. राष्ट्राराष्ट्रांतले संबंध मात्र दोन खिडक्यांच्या मधल्या जागेत घडतात, आणि ती जागा शिक्षकाने भरावयाची असते.

गॅलब्रेथ अर्थशास्त्रज्ञ होते, हे जाता जाता सांगितल्यावाचून आमच्यासारख्यांना राहवत नाही. आणखी एका अर्थशास्त्रज्ञाचा तर थेट चित्रपटाशी संबंध आला. टॉमस शेलिंग यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते संघर्ष आणि सहकार्य यांच्या विश्लेषणाबद्दल. अपघाताने भडकणाऱ्या अणुयुद्धावरील त्यांचा एक लेख स्टॅन्ली कुब्रिक यांच्या वाचनात आला, त्यातून एका कादंबरीचा पत्ता लागला आणि १९६४ मध्ये 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' जन्मास आला. वरकरणी हे प्रहसन आहे. सोव्हिएत युनियनने असे यंत्र उभारले आहे, की देशावर अणुबॉम्ब पडताच ते आपोआप जगाचा नाश करील. फक्त ते उभारल्याचे जाहीर करावयाचे तेवढे राहून गेले आहे! धमकी शत्रूच्या कानी पडली नाही तर तिचा उपयोग शून्य, हे तत्त्व शेलिंग यांच्या ग्रंथात अनेक पाने घेते. येथे ते एका विनोदात उमगते. आणि हा विनोद फारसा काल्पनिकही नव्हता. नेतृत्व नष्ट झाले तरी प्रतिहल्ला करता यावा, अशी बरीचशी स्वयंचलित यंत्रणा सोव्हिएत युनियनने १९८० नंतरच्या दशकात खरोखरच उभारली, आणि ती गुप्त ठेवली. जगाला तिचा पत्ता लागला तो शीतयुद्ध संपल्यावर.

कोणता चित्रपट वर्गासाठी निवडावा, याची माझी कसोटी साधी आहे: प्रतिपक्षाला त्यात स्वतःचा युक्तिवाद आहे की केवळ चेहरा आहे? 'बॅटल ऑफ अल्जिअर्स' या १९६६ च्या चित्रपटाचे मोल यातच आहे. अल्जिरियाच्या मुक्तिसंग्रामातील एक सेनानी यासेफ सादी त्याचा सहनिर्माता होता आणि त्याने त्यात भूमिकाही केली. म्हणजे चित्रपट उघड उघड एका पक्षाचा. तरीही दिग्दर्शक पोंतेकोर्व्हो यांनी फ्रेंच कर्नलच्या तोंडी दिलेला युक्तिवाद इतका सुसंगत आहे, की विद्यार्थी अस्वस्थ होतात. अल्जिरियात राहावयाचे असेल तर त्याचे परिणामही पत्करा, असे तो आपल्याच देशाच्या पत्रकारांना सुनावतो. फ्रान्समध्ये हा चित्रपट काही वर्षे दाखविला गेला नाही. उलट इराक व्यापल्यानंतर, २००३ मध्ये, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी त्याचा मुद्दाम खेळ ठेवला. शहरातील बंडखोर मोडून काढूनही फ्रान्सला देश गमवावा लागला, हे त्यांनी पाहिले असणारच. त्यावरून ते काय शिकले, हे इराकच्या पुढच्या वर्षांत दिसते.

अशा चित्रपटांची टंचाई का, याचे एक उत्तर बाजारात आहे. चित्रपट हा स्वतःच आंतरराष्ट्रीय तडजोडींचा विषय आहे. मे १९४६ मध्ये युद्धाने खंगलेल्या फ्रान्सला अमेरिकेने कर्ज दिले, तेव्हा करारात चित्रपटगृहांचाही समावेश होता: तेरा आठवड्यांच्या तिमाहीत फ्रेंच चित्रपटांसाठी फक्त चार आठवडे राखीव. दक्षिण कोरियाने अमेरिकेशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी सुरू करण्यासाठी २००६ मध्ये देशी चित्रपटांचे राखीव दिवस १४६ वरून ७३ वर आणले. हा खर्च आणि ही वितरणयंत्रणा ज्यांच्या हाती, त्यांच्याच खिडकीतून जग बहुतांशी दिसणार.

शेवटी साधनांचा प्रश्न येतो. 'थर्टीन डेज'मधील एखादा प्रसंग खरा की रचलेला, हे अमेरिकन विद्यार्थी केनेडी यांच्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहू शकतो. आपल्या विद्यार्थ्याला ही सोय नाही. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ मध्ये सरकारला सादर झाला. सरकारने तो प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा एक भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने उघड केला, पण वर्गात अधिकृत साधन म्हणून तो हाती देता येत नाही. तोवर संसदेतील चर्चांची इतिवृत्ते, दोन्ही सरकारांच्या पत्रव्यवहाराच्या भारत सरकारनेच काढलेल्या श्वेतपत्रिका आणि मोठ्या ग्रंथालयांतील त्या वेळच्या वृत्तपत्रांच्या फायली यांवर काम भागवावे लागते. 'हकीकत' दाखविण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांतली दहा-वीस पाने विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. त्यांना ती आधी रुक्ष वाटतात. चित्रपट पाहून झाल्यावर ती पाने पुन्हा मागून घेणारे दोन-चार जण दर वर्षी निघतात.