बॅटरी बदलण्याआधी

आपल्या अनेक घरांची रोजी जुन्या पिकअपवर चालते. फजर पढून भाजीच्या किंवा कोंबड्यांच्या फेरीला निघावे, तर गाडी सेल्फ घेत नाही. धक्का मारून सुरू होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग उधारीवर नवी बॅटरी येते आणि काही दिवसांत तीही बसते. एका भगिनीने आम्हाला विचारले आहे, ‘पुन्हा बॅटरीला पैसे घालावेत का?’

आमचे म्हणणे : आधी तपासा. बॅटरी वीज साठवते. वीज तयार करतो तो अल्टरनेटर, ज्याला गॅरेजवाले अजून डायनामोच म्हणतात.

साधा मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर तो लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, 12.2 असेल तर साधारण अर्धी. आता इंजिन सुरू करा. आकडा 13.8 ते 14.5 दरम्यान यायला हवा. तो 13 च्या खालीच राहिला तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे; तो बॅटरीचे पाणी आटवतो आणि नवी बॅटरीही लवकर संपवतो.

चार्जिंग नाही म्हणून लगेच डायनामो उतरवू नका. इंजिन बंद करून पट्टा पाहा : सैल, चकचकीत किंवा तडकलेला पट्टा घसरतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायचा सोडा व गरम पाण्याने धुवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. मग इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह व इंजिनचा उघडा धातू यांमध्ये मीटर धरा. 0.2 व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले तर अर्थिंगची वायर गंजलेली किंवा सैल आहे. चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतच नसेल तर बल्बही पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला जागे करणारा करंट त्याच दिव्यातून जातो.

चार्जिंग ठीक असूनही गाडी सकाळी बसत असेल, तर बंद गाडीत काहीतरी वीज खात आहे, नाहीतर बॅटरीच थकली आहे.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘टेस्ट’ घेऊ नका. त्याने डायोड आणि रेग्युलेटर जळू शकतात. आणि चालू पट्ट्याजवळ ओढणी, मफलर किंवा सैल बाही नेऊ नका.

सर्वांत महत्त्वाचे : अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच मागे असतो. पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते आणि पेडल दगडासारखे होते. म्हणून लाल दिवा लागलेला असताना ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणत घाट उतरू नका. वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा.

गॅरेजवाल्या भावांनाही विनंती. ग्राहकाला मीटरचा आकडा दाखवा, बदललेला भाग त्याच्या हातात द्या. जिथे वायर घासून काम होते तिथे नवा डायनामो लावला, तर ती कमाई हलाल राहत नाही. गाडी ही कुणाच्या तरी लेकरांची रोटी आहे, आणि तुमच्याकडे ती अमानत म्हणून आलेली असते.