आकाशाची ओढ आणि कर्जाचा हप्ता

बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांची पाने शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींनी भरून जातात. अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोन जुन्या दैवतांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत तिसऱ्याचीही स्थापना झाली आहे. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मागे विमान आणि खाली 'वैमानिक व्हा' हे आवाहन. ही जाहिरात पूर्वी श्रीमंतांच्या घरात वाचली जाई. आता ती माध्यमिक शिक्षकाच्या, बँकेतील कारकुनाच्या आणि चार-सहा एकर बागायत असलेल्या शेतकऱ्याच्या घरातही गंभीरपणे वाचली जाते. मुलगा किंवा मुलगी हट्ट धरते, आई गप्प बसते आणि बाप भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक काढून पाहतो. या घराला योग्य सल्ला देणारे मात्र कोणी भेटत नाही. जो भेटतो तो बहुधा प्रवेश विकणारा असतो.

आकाशाच्या या ओढीची टिंगल करण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, तेव्हापासून या देशातील नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासात मुंबईचे स्थान पहिल्या ओळीतले आहे. १९८५ मध्ये कलकत्ता-सिल्चर मार्गावर केवळ महिला कर्मचाऱ्यांनी चालविलेले इंडियन एअरलाइन्सचे विमान उडाले. त्याच्या कप्तान होत्या सौदामिनी देशमुख. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के आहे आणि ते जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट आहे. मागणीही खोटी नाही. २०२३ या एकाच वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. विमाने येणार तर ती चालविणारी माणसेही लागणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

तेव्हा वैमानिक व्हावे की नाही, एवढाच प्रश्न असता तर उत्तर सोपे होते. खरा प्रश्न असा आहे की कोणत्या वाटेने, कोणाच्या पैशाने आणि कोणता धोका पत्करून. या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत नसते. म्हणून ते येथे तपशिलाने पाहिले पाहिजे.

सर्वप्रथम एक गोंधळ दूर करावयास हवा. विमानशास्त्राची पदवी आणि वैमानिकाचा परवाना या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते आणि त्यासाठी पदवीची अट मुळीच नाही. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण, वयाची अठरा वर्षे पूर्ण, प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता, हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, विमान वाहतुकीचे नियम व तांत्रिक ज्ञान यांच्या लेखी परीक्षा, बिनतारी संभाषणाचा परवाना आणि दोनशे तासांचे उड्डाण, असा हा मामला आहे. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेतून हे दोन विषय पुरे करता येतात. असे असताना 'एव्हिएशन' असे नाव दिलेल्या तीन वर्षांच्या पदवीसाठी अनेक घरे लाखो रुपये भरतात आणि शेवटी त्यांच्या हाती येते ते विमानात बसण्याचे नव्हे, फार तर विमानतळावर नोकरी शोधण्याचे प्रमाणपत्र. विमानतळावरील नोकरी हलकी असते असे नव्हे. परंतु एक वस्तू दाखवून दुसरी गळ्यात मारणे याला बाजारात जे नाव आहे, तेच शिक्षणातही दिले पाहिजे.

आता हिशेब. देशात दोनशे तासांचे प्रशिक्षण घ्यावयाचे तर आज राहण्याजेवण्यासह स्थूलमानाने पन्नास लाखांच्या आसपास खर्च येतो. परवाना मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. प्रशिक्षणाचे विमान एक-दोन इंजिनांचे, चिमुकले. प्रवासी कंपनीचे एअरबस किंवा बोइंग चालविण्यासाठी त्या विशिष्ट विमानाचे वेगळे शिक्षण, ज्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात, ते घ्यावे लागते. त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. विमान कंपन्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण योजनांतून गेल्यास नोकरीची वाट अधिक सरळ असते, पण त्यांचा आकडा कोटीच्या घरात जातो. समजा साठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने काढले आणि ते दहा वर्षांत फेडायचे ठरविले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७९ हजार रुपये होतो. शिक्षणात आणि नोकरीच्या प्रतीक्षेत दोन वर्षे गेली व तेवढ्या काळाचे व्याज मुद्दलात मिळाले, तर तोच हप्ता ९५ हजारांवर जातो. नवशिक्या सहवैमानिकाला हा हप्ता झेपतो हे खरे. ज्याला नोकरीच लागली नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात आणि मध्यमवर्गीयाजवळ तारण म्हणून एकच गोष्ट असते, ती म्हणजे राहते घर.

आणि नोकरी लागेलच याची हमी कोणी द्यावी? या धंद्याचा स्वभाव भरती-ओहोटीचा आहे. २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने जमिनीवर बसली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने उड्डाणे थांबविली. मार्च २०२० ते मे २०२० असे दोन महिने तर महामारीमुळे देशांतर्गत प्रवासी वाहतूकच बंद होती आणि त्यानंतरही कित्येक महिने वैमानिकांना कापलेल्या पगारावर किंवा बिनपगारी रजेवर राहावे लागले. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवा परवाना हाती घेऊन उभा असलेला तरुण रांगेत आणखी मागे गेला. या परवान्याची एक खोडही लक्षात ठेवली पाहिजे. पदवीचे भेंडोळे कपाटात वीस वर्षे राहिले तरी चालते. परवाना मात्र ठराविक काळात उड्डाण न केल्यास निरुपयोगी होऊ लागतो आणि तो जिवंत ठेवण्यासाठी बेकारालाच पुन्हा पैसे मोजावे लागतात. २०२३ मध्ये महासंचालनालयाने सोळाशेहून अधिक व्यावसायिक परवाने दिले. दुसऱ्या बाजूला, देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे नव्वद टक्के आज दोनच उद्योगसमूहांच्या विमानांतून जातात. मालक दोनच असले की नोकराला निवडीला जागा राहत नाही.

प्रशिक्षणाचा दर्जा हाही काळजीचा विषय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये महासंचालनालयाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांची पहिली प्रतवारी जाहीर केली. पस्तीस संस्थांपैकी एकीलाही सर्वोच्च दोन श्रेणींत स्थान मिळाले नाही. तेरा संस्था 'बी' श्रेणीत आणि बावीस 'सी' श्रेणीत गेल्या. विमाने कमी, शिक्षक कमी, आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ढगांची मर्जी, यामुळे वर्षभराचा म्हणून सांगितलेला अभ्यासक्रम दोन-दोन वर्षे रेंगाळतो. त्या काळात वसतिगृहाचे भाडे आणि बँकेचे व्याज मात्र थांबत नाही. अशा कोंडीतूनच आडवाटा निघतात. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याचे प्रकरण उघडकीस आले, ते वाचक विसरले नसतील. त्या प्रकरणात कायदा मोडणारे दोषी होतेच. परंतु उड्डाणाची विद्या पैशाच्या मापाने विकली जाते तेव्हा मापात खोट येणार, हाही त्याचा धडा होता.

नोकरी लागल्यानंतरचे आयुष्यही जाहिरातीतल्यासारखे नसते. पहाटे तीनला उठणे, रात्री अपरात्री उतरणे, सण-समारंभ परगावच्या हॉटेलात, हा नित्यक्रम असतो. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर २०२५ मध्ये आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या अवतरणांवर कडक मर्यादा आल्या. त्या नियमांसाठी पुरेसे वैमानिक तयार न ठेवल्यामुळे डिसेंबर २०२५ च्या आरंभी इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियमच तात्पुरते सैल करावे लागले. मनुष्यबळाचा तुटवडा आहे असे म्हणणाऱ्या देशात परवानाधारक तरुण नोकरीची वाट पाहत असतो, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी. तुटवडा असतो तो अनुभवी कप्तानांचा. नवशिक्यांची रांग लांबच असते. याखेरीज दरवर्षी वैद्यकीय तपासणी असते. कानाचा पडदा, रक्तदाब, डोळ्याचा एखादा दोष, यांपैकी काहीही चाळिशीत कारकीर्द संपवू शकते. शिक्षकाला मधुमेह झाला तर तो शिकवीत राहतो. वैमानिकाला ते स्वातंत्र्य असेलच असे नाही.

यावर असे म्हटले जाईल की धोका कशात नाही? अभियंतेही बेकार आहेत. म्हणणे अंशतः खरे आहे. परंतु बेकार अभियंता दुसरे दहा व्यवसाय करू शकतो आणि त्याच्या शिक्षणासाठी बहुधा घर गहाण पडलेले नसते. येथे मुलाच्या अपयशाची किंमत आईबापांचे म्हातारपण मोजते. किंबहुना आमचा मुख्य आक्षेप व्यवसायावर नाही, त्याच्या दारावर आहे. वैमानिकाची निवड बुद्धी, निर्णयशक्ती आणि प्रकृती यांवर व्हायला हवी. आज पहिली चाळणी बापाच्या ऐपतीची लागते.

म्हणून आमचा सल्ला असा. ज्याला ही ओढ खरी आहे त्याने हा व्यवसाय अवश्य निवडावा, पण पावले उलट्या क्रमाने टाकू नयेत. आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तिला येणारा खर्च हजारांत असतो आणि ती लाखांचा खड्डा वाचवू शकते. नंतर घरी राहून लेखी परीक्षा द्याव्यात. त्या सुटल्या तर मन आणि बुद्धी दोन्हींची कसोटी झाली. त्यानंतरच संस्था शोधावी. तेथे चालू स्थितीत विमाने किती, शिक्षक किती, मागच्या तुकडीने दोनशे तास किती महिन्यांत पुरे केले, हे विचारावे आणि सारे शुल्क एकदम भरू नये. जोडीला वाणिज्य, गणित, संगणक अशा एखाद्या रुळलेल्या विषयाची पदवी बाहेरून का होईना घ्यावी, म्हणजे परवाना कपाटात पडला तरी माणूस रस्त्यावर पडत नाही. देशसेवेची तयारी असणाऱ्यांनी हेही विसरू नये की पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथून हवाई दलात गेल्यास उड्डाणविद्येचा खर्च राष्ट्र करते, आणि २०२२ पासून ते दार मुलींनाही उघडले आहे. आणि एक गोष्ट कदापि करू नये. राहते घर एकच असेल तर ते या शिक्षणासाठी गहाण टाकू नये.

शासनाचे कर्तव्य याहून मोठे आहे. १९८५ मध्ये उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे केंद्र सरकारने राष्ट्रीय उड्डाण अकादमी काढली, ती परीक्षेने निवड करते. महाराष्ट्रात 'महाज्योती'ने नागपूरच्या फ्लाइंग क्लबात इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाची योजना हाती घेतली. हे प्रयत्न योग्य दिशेचे असले तरी फार तोकडे आहेत. प्रत्येक संस्थेने किती विद्यार्थ्यांना किती महिन्यांत परवाना मिळाला आणि त्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, हे दरवर्षी जाहीर केलेच पाहिजे, असा नियम करण्यास एक पैसाही लागत नाही. शेकडो विमाने मागविणाऱ्या कंपन्यांनी वैमानिक घडविण्याचा खर्चही उचलावा आणि नंतर तो पगारातून कापून घ्यावा. आज विमानाचा धोका कंपनी विमा उतरवून हलका करते. वैमानिक होण्याचा धोका मात्र एकट्या कुटुंबाच्या माथी आहे.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांवर येथे एक जबाबदारी येते. विद्यार्थी विचारायला येतो तो त्यांच्याकडेच. त्याचे स्वप्न मोडू नये आणि त्याला जाहिरातीच्या हवालीही करू नये. उड्डाणापूर्वी वैमानिक इंधन, वारा, वजन आणि धावपट्टीची लांबी यांचा हिशेब करतो आणि हिशेब जुळला नाही तर विमान हलवीत नाही. ज्याला वैमानिक व्हायचे आहे त्याने आणि त्याच्या घराने हा पहिला पाठ जमिनीवरच गिरवावा.