नाव कोणी कोणाचे घ्यावे?

सौंदडच्या स्थानकावर बल्लारशाकडे जाणारी गाडी धरली, की अर्जुनी ओलांडून पुढे वडसा लागते. वडसा म्हणजेच देसाईगंज. स्त्रीवादी समीक्षा शिकवताना आपण सारे हटकून ज्या खटल्याचा उल्लेख करतो, तो देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीच्या बाबतीत जे घडले, त्यातून उभा राहिला. आमच्यापैकी एकाने वर्गात तो सांगताना सवयीप्रमाणे त्या मुलीचे नाव फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, तिला विचारलं होतं का?"

प्रस्तुत लेखात ते नाव येणार नाही.

त्या खटल्याचे सर्वोच्च न्यायालयातील शीर्षक 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असे आहे. तुकाराम हे आरोपी असलेल्या पोलिसाचे नाव. म्हणजे न्यायालयीन दप्तराने खटला आरोपीच्या नावे नोंदवला आणि आपण, सुशिक्षित व सहृदय मंडळींनी, तो मुलीच्या नावे चढवला. आज हा खटला आरोपीच्या नावाने कोणी ओळखत नाही. ही उलथापालथ कोणत्याही न्यायाधीशाने केलेली नाही, ती लेख, परिसंवाद आणि प्रश्नपत्रिका यांनी केली.

न्यायालयांनी मात्र दुसरे काही केले. १९७४ साली सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले ते मुलीच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवून. त्यातला तपशील येथे पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. १९७६ साली नागपूर खंडपीठाने भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या. ठाण्याचे दार आतून कोणी लावले, यापेक्षा मुलीचे खाजगी जीवन कसे होते, याचीच चौकशी अधिक झाली. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधील अभिरूप खटल्यात बेणारेचे खाजगी आयुष्य साक्षीदारांच्या हाती सापडते, ते आपण वर्गात किती तन्मयतेने शिकवतो! ते नाटक १९६७ चे. पाचच वर्षांनी, आमच्याच रेल्वेमार्गावर घडलेल्या घटनेवर तसाच खटला चालला आणि तो अभिरूप नव्हता.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. आंदोलने झाली आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या दुरुस्तीने दंडसंहितेत २२८-अ हे कलम आणले. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे ते कलम सांगत होते. आता हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. परंतु उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छापणे हा गुन्हा नव्हे, असे स्पष्टीकरणही कायद्याने सोबतच जोडले. जिच्यामुळे पुढच्या हजारो मुलींना अनामिक राहण्याचा हक्क मिळाला, तिचे स्वतःचे नाव या फटीतून निकालसंग्रहांत कायमचे राहिले. फौजदारी न्यायाने व्यक्तीच्या खाजगीपणाशी केलेला याहून विदारक व्यवहार आम्हांस ठाऊक नाही.

यावर एक प्रतिवाद नेहमी ऐकू येतो. नाव पुसले तर इतिहासाचा चेहराच पुसला जाईल, ती तर लढ्याचे प्रतीक आहे! प्रतीक ही आपली, वाङ्मयाच्या लोकांची, आवडती वस्तू. पण प्रतीक होण्यासाठी तिची संमती कोणी घेतली? 'संमती' या एका शब्दावर ज्या खटल्याचा कीस पाडला, त्याच खटल्याबाबत हा प्रश्न आपल्याला सुचू नये, याची आम्हांस शरम वाटते. 'निपुण सक्सेना' प्रकरणात, डिसेंबर २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही पीडितेचे नाव प्रतीक म्हणून वापरण्याचा युक्तिवाद मान्य केला नाही. ओळख उघड न करताही चळवळ उभी राहू शकते, असे त्याचे म्हणणे पडले.

न्यायालये अजिबात शिकत नाहीत, असेही नाही. भिवंडीच्या एका पोलीस निरीक्षकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्यामुळे तिची साक्ष कमी लेखली होती. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि लोक जिला चारित्र्यहीन म्हणतात तिलाही खाजगीपणाचा हक्क आहे, असे बजावले. अभ्यासमंडळांना मात्र असे कोणी बजावलेले नाही. वर्षे उलटल्यावरही बातमीदार देसाईगंज खटल्यातील त्या स्त्रीचा पत्ता काढत तिच्या दारी गेले. त्यांना तो रस्ता दाखवण्यात आपल्या संदर्भसूचींचाही वाटा असणार.

आम्ही यंदाच्या अंतर्गत चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत 'देसाईगंज खटला' असे छापले. तपासणाऱ्या सहकाऱ्याने कागद परत पाठवला. समासात लिहिले होते, "हा कोणता?" आम्ही पुढे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असे लिहून दिले. तरी त्यांना उमगेना.