आवाज बसला, की...?

परवा संध्याकाळी कुरियरवाला आला. दार उघडून "कुठे सही करू?" म्हणायला गेले, तर आवाजच फुटेना. घसा खाकरून पुन्हा विचारावं लागलं. सर्दी-बिर्दी काही नव्हती. सकाळी आठला नवरा बाहेर पडला, त्यानंतर तोंडातून एक शब्द निघाला नव्हता, एवढंच! दोन मीटिंगा झाल्या होत्या म्हणा, पण दोन्हीत माझा माइक बंद.

मार्च २०२० पासून मी घरून काम करतेय. डोंबिवली-दादरचे रोजचे तीन तास वाचले याचा केवढा आनंद झाला होता! पुढे कंपनीने दादरची जागाच सोडून दिली. भाडं वाचलं, कामही अडत नाही. सगळे खूश.

"तुला कसला गं एकटेपणा? घरात माणसं आहेत, फोन आहे, मैत्रिणी आहेत," असं ताई म्हणते. (ताई, वाचत असशील तर रागावू नकोस!) आहेत ना. जवळची माणसं आहेत तेवढीच आहेत. नाहीशी झालीत ती अर्धवट ओळखीची. मला 'बिनसाखरवाल्या मॅडम' म्हणणारा चहावाला, लिफ्टमन, परतीच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर गवार मोडत बसणारी ती बाई. त्यांच्याशी बोलायला कारण लागत नसे. आता प्रत्येक बोलण्याला कारण लागतं, आणि आधी वेळ ठरवावी लागते. मध्यंतरी ऑफिसने दर शुक्रवारी 'ऑनलाइन चहा' काढला होता. नऊजण आपापल्या कपात बघत बसायचो. तीन आठवड्यांत बंद पडला, बरं झालं.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१०-११ मध्ये एक प्रयोग केला होता. कॉल सेंटरमधल्या ज्यांनी स्वतःहून तयारी दाखवली, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण नंतर 'हवं ते निवडा' म्हटल्यावर घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे ऑफिसात परतले, आणि एकटेपणा हे त्यातलं एक मोठं कारण होतं. हौसेने घरी बसलेली माणसं ही!

त्यांना परतायला ऑफिस होतं, माझं म्हणणं एवढंच आहे. घरून काम वाईट असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? सासूबाईंच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसता आलं ते त्याच्यामुळेच. पण जागाच काढून टाकायची म्हणजे हे कुणी आमच्यासाठी परस्पर ठरवून टाकल्यासारखं झालं. आठवड्यातून दोन दिवस बसता येईल अशी चार टेबलं तरी कुठेतरी भाड्याने घ्या, असं साहेबांना लिहिलंय. उत्तर नाही अजून.

असो. मंगळवारी दादरला काम निघालं, तर मुद्दाम रेंगाळून आमची जुनी संध्याकाळची लोकल पकडली. डबा तोच. चौथ्या सीटवर तीच! तिचं नाव मला आजही माहीत नाही. "अगं, होतीस कुठे?" म्हणाली. ठाण्याला समोरची उठली तिथे मला बसवलं आणि पिशवीतली दोन मुठी गवार माझ्या ओढणीत टाकली.

"मोड. डोंबिवलीच्या आत झाली पाहिजे."